स्पॅनिश शिकताय? मग वाक्य आधी मराठीत म्हणून बघा

क्रियापदांचे तक्ते पाठ झाले की 'गुस्तार' (आवडणं) समोर येतं आणि आपल्याकडची निम्मी मुलं तिथेच अडकतात. मीही पुष्कळ दिवस अडकले, कारण आमची पुस्तकं इंग्रजीतली होती आणि इंग्रजीत आवडण्याचा कर्ता 'मी' असतो. मग 'यो गुस्तो काफे' असलं काहीतरी तयार होतं. साफ चूक! 'मे गुस्ता एल काफे' म्हणजे सरळ 'मला कॉफी आवडते'. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे चालतं. 'मे गुस्तान लोस मांगोस': मला आंबे आवडतात. 'मे गुस्तास तू': मला तू आवडतोस. हे आपण लहानपणापासून बोलतोय!

खरा खड्डा पुढे आहे. 'आ मिस पाद्रेस लेस गुस्ता एल ते.' आईबाबा दोघं आहेत म्हणून 'गुस्तान' लिहावंसं वाटतं आणि मार्क जातात. मराठीत म्हणा: आईबाबांना चहा आवडतो. 'आवडतात' म्हणाल का? चहा एकवचनी, म्हणून 'गुस्ता'. 'वाचायला आणि चालायला आवडतं' हेसुद्धा 'मे गुस्ता लेएर इ कामिनार', एकवचनीच. फक्त तो 'लेस', म्हणजे 'त्यांना', गाळू नका. 'आ मिस पाद्रेस' आधी म्हटलं तरी तो लागतोच, आणि इथे मराठी मदतीला येत नाही.

माणसाआधी येणारा 'आ' मात्र आपल्याला सोपा जातो. 'बेओ ला कासा', मी घर बघते. 'बेओ आ मारिया', मी मारियाला बघते. सब्जंक्टिव्हचाही, म्हणजे इच्छा वगैरे सांगताना येणाऱ्या क्रियापदाच्या रूपाचाही, उगाच बाऊ करतात. 'किएरो के बेंगास', म्हणजे तू यावंस अशी माझी इच्छा आहे. 'यावंस', 'करावंस' रोज बोलणाऱ्यांनी कशाला घाबरायचं?

तरी सगळीकडे मराठी चालवू नका. भूक आपल्याला लागते, स्पॅनिशमध्ये ती जवळ असते: 'तेंगो आंब्रे'. वयही तसंच: 'तेंगो बेइंते आन्योस', मी वीस वर्षांची आहे. अशी वाक्यं अख्खी पाठ करा.

आणि 'असणं' याला स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं आहेत, सेर आणि एस्तार. 'कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार' असं शिकवणाऱ्यांपासून लांब राहा. माद्रिद कुठे हलणार आहे? तरी 'माद्रिद एस्ता एन एस्पान्या'च. मेलेला माणूसही 'एस्ता मुएर्तो'. वस्तू कुठे आहे, कशा अवस्थेत आहे, तिथे एस्तार. कोण आहे, काय आहे, मुळात कशी आहे, तिथे सेर. कार्यक्रम कुठे आहे हे सांगताना तेवढं सेर: 'ला फिएस्ता एस एन मि कासा', पार्टी माझ्या घरी आहे.

सरावाला घरातलीच वाक्यं घ्या. आजीचे गुडघे दुखतात: 'आ मि आबुएला ले दुएलेन लास रोदियास'. यात 'ले' का आणि 'दुएलेन' का, हे सांगता आलं की पुढचा धडा उघडा.