साखरेचे ग्रॅम कपात आणि कप ग्रॅममध्ये कसे बदलावेत

एक कप साखर म्हणजे किती ग्रॅम, या प्रश्नाचे उत्तर साखर कोणती आणि कप केवढा, हे ठरल्याशिवाय देता येत नाही. साखरेचा अखंड स्फटिक पाण्याच्या जवळजवळ 1.6 पट जड असतो. पण कपात दाण्यांच्या मधल्या फटींत हवा राहते, त्यामुळे दाणेदार साखर दर मिलिलिटरला साधारण 0.85 ग्रॅम भरते.

प्रथम आपल्या कपाचे माप काढावे. रिकामा कप वजनकाट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि काठोकाठ पाणी भरावे. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर असल्याने काट्यावरचा आकडा हेच कपाचे आकारमान होय. अमेरिकी कप सुमारे 237 मिलिलिटरचा, तर मेट्रिक कप 250 मिलिलिटरचा असतो. त्यामुळे पहिल्यात सुमारे 200 ग्रॅम आणि दुसऱ्यात सुमारे 212 ग्रॅम दाणेदार साखर मावते. दोन-तीन कप साखर लागणाऱ्या केकमध्ये हा फरक चवीला जाणवू शकतो.

यानंतरचे गणित सोपे आहे: मिलिलिटरला 0.85 ने गुणले की ग्रॅम मिळतात, ग्रॅमला 0.85 ने भागले की मिलिलिटर. कृतीत 150 ग्रॅम साखर सांगितली असेल, तर 150 भागिले 0.85 म्हणजे साधारण 176 मिलिलिटर, अर्थात अमेरिकी कपाने पाऊण कप. पाच मिलिलिटरच्या सपाट चमच्यात चार ग्रॅमहून किंचित जास्त साखर बसते. शीग भरलेल्या चमच्यावर मात्र विसंबू नये.

पिठीसाखरेला हा आकडा मुळीच लावू नये. न चाळलेली पिठीसाखर अमेरिकी कपात साधारण 120 ग्रॅमच भरते आणि चाळली की आणखी हलकी होते, म्हणून ती शक्यतो वजनानेच घ्यावी. याउलट दमट ब्राऊन शुगर कपात दाबून भरायची असते. तशी ती सुमारे 215 ग्रॅम बसते.

खरी चूक होते ती भरण्यात. कप साखरेच्या डब्यात खुपसू नये, चमच्याने अलगद भरावा, ओट्यावर आपटू नये, कारण आपटल्याने दाणे खाली बसतात आणि त्याच कपात जास्त साखर मावते. मग सुरीची सरळ कड काठावरून एकदाच फिरवून वरची साखर उतरवावी. असा भरलेला कप तीनदा तोलून सरासरी काढावी आणि तो आकडा डब्याच्या झाकणावर लिहून ठेवावा. आपल्या कपापुरता तो कोणत्याही छापील तक्त्यापेक्षा अधिक भरवशाचा असतो.