गावात दोन दिवस मंडळी जमवायचीयत? मग आधी हे वाचा

मुंबई-पुण्याचे मित्र, त्यांची पोरंटोरं आणि गावातली आपली जुनी गँग, सगळ्यांना एका वीकेंडला वाडीत जमवायचं म्हटलं की पहिल्यांदा व्हॉट्सॲप ग्रुप निघतो आणि तिथंच निम्मी हवा जाते. ग्रुप नंतर काढा, आधी पंचांग बघा. मी लिहितोय ते कुडाळ-मालवण पट्ट्यातलं, रत्नागिरीकडे नमन-जाखडी वगैरे लोककला वेगळ्या असतात, ते तिकडच्यांना विचारा.

आपल्याकडे कार्तिकापासून जत्रा सुरू होतात आणि त्या तिथीवर असतात, रविवार बघून नाही. एखाद्या गावची जत्रा नशिबाने शुक्रवार-शनिवारी येत असेल तर तोच वीकेंड धरा, करमणुकीची सोय देवानेच केलेली असते, पालखी, खाज्याची दुकानं आणि रात्रभर दशावतार, म्हणजे देवळात होणारं आपल्याकडचं पारंपरिक नाटक. पण स्वतः नाटक आणायचं असेल तर त्या दिवसांत नाद सोडा, कंपन्या रोज रात्री कुठल्या ना कुठल्या देवळात बुक असतात. जत्रांची गर्दी ओसरली की कंपनीच्या मालकाला फोन करा. शिगम्यात (होळीच्या सणात) तर अजिबात नको, गावाला तेव्हा आपलंच आवरत नाही. मे महिन्यात आंबे असतात हे खरं पण उकाडा, आणि गाडीला पाय ठेवायला जागा नाही.

रेल्वेची तिकिटं ६० दिवस आधी उघडतात, त्या सकाळीच काढायची. आणि तुतारी एक्सप्रेस दादरहून रात्री बारा वाजून गेल्यावर सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री निघणाऱ्याच्या तिकिटावर तारीख शनिवारची हवी, यात दरवेळी कोणीतरी आपटतोच.

आता मुख्य गोष्ट. दोन दिवसांत एकच मोठा कार्यक्रम ठेवा, शनिवारच्या रात्रीचा, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला सैल सोडा. मिनिटामिनिटाचं टाइमटेबल केलंत तर मित्र एकमेकांशी बोलणार कधी? आणि गावातल्यांना प्रेक्षक म्हणून नाही तर यजमान म्हणून बोलवा, म्हणजे आठवडाभर आधी मानकऱ्यांच्या कानावर घाला, देवळात नारळ ठेवा, गाऱ्हाणं (देवापुढे सगळ्यांसाठी मोठ्याने केलेलं मागणं) घालायला सांगा. सगळी मंडळी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणाली की शहरातली पोरं पण गप उभी राहतात, आणि पुढे मांडव घालायला, खुर्च्या उचलायला माणसं शोधावी लागत नाहीत.

दशावताराला स्टेजबिज फार लागत नाही. मांडव, मागे पडदा, एक बाक (राजाचं सिंहासन तेच, गरज पडली तर डोंगर पण तोच), पेटी-मृदंग-झांजवाल्यांना बसायला जागा आणि रंगायला एक खोली, जिथे उजेड नीट असेल. नट स्वतःचा मेकअप स्वतः करतात, बायकांची कामं पुरुषच करतात आणि संवाद लिहिलेले नसतात, आख्यान (त्या रात्रीची पौराणिक गोष्ट) ठरलं की उभ्या उभ्या बोलायचं. म्हणून रंगताना बघायला पोरांना न्याच, पण आधी विचारून, आणि फोनचा फ्लॅश बंद. पैशांचं फोनवरच स्पष्ट ठरवा, येण्याजाण्याची गाडी आणि जेवण धरून, आणि नाटक संपल्यावर पाकीट लगेच हातात द्या. "उद्या बघू" हे कलाकाराला ऐकवायचं नाही.

लाउडस्पीकरचं आधीच सांगतो. रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद हा नियम आहे, त्यातून सूट वर्षातले ठरावीक दिवसच आणि तीही १२ पर्यंत. तेव्हा पोलीस ठाण्यात अर्ज द्या आणि संध्याकाळी साडेसहाला सुरू करून दहाच्या आत आटपणारं आख्यान मागा. ट्रिकसीन (स्टेजवरच्या चमत्काराचा प्रसंग) हवा असेल तर तोही तेव्हाच सांगा. पोरांना संकासुर राक्षस बघायचाच असतो, तो येतो तेवढा आडदशावतार (आख्यानाआधीचा भाग) कापू नका म्हणावं. दहानंतर माईकशिवाय खळ्यात (अंगणात) भजन, आणि आजूबाजूच्या दोन वाड्यांचे बुवा मिळाले तर डबलबारीची (दोन बुवांच्या भजनी सामन्याची) मजा, पखवाज तापला की झोपायला कोण जातंय.

जेवणात एक चूक सगळे करतात. नाटकाच्या रात्री कोंबडी-वडे ठेवतात. वडे गरमच पाहिजेत, मग चार बायका चुलीपुढे बसून तळत राहतात आणि नाटक त्यांना पडद्यामागून नुसतं ऐकू येतं. त्या रात्री भात, काळ्या वाटाण्याचं सांबार, काजूची उसळ, सोलकढी, सगळं पाचपर्यंत तयार होणारं, आणि ऑर्डर बचतगटाला पैसे मोजून. वडे रविवारी दुपारी, तळायला पुरुषांना बसवा, होतील थोडे वाकडे. शनिवार पाळणारे किती ते पण आधी विचारून ठेवा.

जुनं काही दाखवायचं असेल तर शनिवारी दुपारी पिंगुळी. कुडाळहून जवळ. ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्या तिथे आहेत, परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली, त्यांनी गोठ्यातच म्युझियम उभं केलंय. खेळ बघायचा तर फोन करून जा, असंच टपकू नका.

रविवारी सकाळी एकतर सिंधुदुर्ग किल्ला नाहीतर कुडोपीची कातळशिल्पं, म्हणजे खडकावर कोरलेली जुनी चित्रं. दोन्ही नको, पोरं रडतात. किल्ल्याला मालवण जेट्टीवरून होडी, १६६४ ते १६६७ मध्ये बांधलेला, आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, चारी बाजूंनी खारं पाणी असताना, हे लहानांना सांगितलं की ती स्वतःच वाकून बघायला जातात, तेव्हा हात धरा. मला विचाराल तर कुडोपी. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली कातळशिल्पं आली त्यात कुडोपी आहे. पण सड्यावर (उघड्या कातळाच्या माळावर) सावली औषधाला नाही, नऊच्या आत पोचा, पाणी न्या, आणि फोटो चांगला यावा म्हणून रेषांवर खडू फिरवणाऱ्या मित्राला तिथल्या तिथे ओरडा.

जेवण झालं की गाडीची वेळ व्हायच्या आत हिशोब मिटवा. ग्रुप आता काढा, त्यात पहिला मेसेज खर्चाचा आणि क्यूआर कोडचा. नंतर फोटो टाकायचे. भाड्याची भांडी मोजून परत द्यायला मात्र गावातला एक आणि मुंबईचा एक असे दोघं जा, झारा नेहमी एक कमी भरतो.