गावच्या बॉम्बर वैमानिकाची स्मृती जपताना

गावातील एखादा वैमानिक १९६५ किंवा १९७१ च्या युद्धात कॅनबेरा बॉम्बर चालवताना हुतात्मा झाला असेल, तर चौथरा बांधण्याआधी कागद जमवावेत. घरच्यांच्या परवानगीने पेटीतील तार, पत्रे व फोटो पाहावेत. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, फ्रेमसह सावलीत ठेवून मोबाइलने टिपावा. हुद्दा आणि सेवा क्रमांक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पडताळावा, आणि दिल्लीत २०१९ मध्ये खुल्या झालेल्या राष्ट्रीय समर स्मारकाच्या त्यागचक्रावर त्यांचे नाव कसे कोरले आहे, तेही पाहावे. विमान परतलेच नसेल, तर बेपत्ता झाल्याची आणि मृत्यू घोषित झाल्याची अशा दोन तारखा कागदोपत्री सापडू शकतात. माझ्या मते शिळेवर शेवटच्या उड्डाणाची तारीख घ्यावी, मात्र अंतिम शब्द घरच्यांचा. कॅनबेरात वैमानिकासोबत नेव्हिगेटर, म्हणजे मार्ग सांगणारा अधिकारीही असे. तो परप्रांतातला असला तरी त्याचे नाव वगळू नये. जागेसाठी ग्रामसभेचा ठराव पुरेसा आधी घ्यावा. १९७१ चे युद्ध ३ ते १६ डिसेंबरचे, म्हणजे ऐन कापूस वेचणीचे दिवस. त्यामुळे तेव्हाच्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम दिवेलागणीनंतरच ठेवावा, कारण सकाळी सतरंजीवर फक्त पुढारी दिसतात.