फोर-के मॉनिटर 30 हर्ट्झवरच अडकला होता, तो असा सुटला

लॅपटॉपला एचडीएमआयने फोर-के मॉनिटर जोडला की चित्र स्वच्छ यायचं, पण माउसचा बाण अडखळत सरकायचा. सेटिंगमध्ये 3840 × 2160 ला 30 हर्ट्झ (सेकंदाला 30 वेळा चित्र ताजं होणं) एवढा एकच पर्याय. ड्रायव्हर नव्याने टाकला, महागडी केबल आणली. काडीचा फरक नाही. डोकं फिरायची वेळ आली.

गोम पोर्टात होती. लॅपटॉपचा एचडीएमआय 1.4 आवृत्तीचा. त्यातून सेकंदाला 10.2 गिगाबिट जातात, म्हणजे फोर-के 30 हर्ट्झपर्यंतच. 60 साठी दोन्ही टोकांना निदान 2.0 लागतो. केबल कितीही भारी घ्या, पोर्ट तोच राहतो.

सुटका यूएसबी-सीने झाली. पण प्रत्येक यूएसबी-सीतून चित्र बाहेर पडत नाही. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ (डिस्प्लेपोर्ट ही एचडीएमआयसारखीच मॉनिटरची दुसरी जोडणी, तिचं चित्र यूएसबी-सीतून पाठवायची सोय) लिहिलंय का ते आधी बघा. असेल तर यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल लावा. मॉनिटरच्या मेनूत इनपुट डिस्प्लेपोर्ट करा. त्याच मेनूत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती 1.1 दिसली तर 1.2 करा (माझं घोडं इथेच अडलं होतं, केबल बदलूनही 30 च). मग विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे 60 हर्ट्झ निवडा.

डिस्प्लेपोर्टच्या टोकाला बहुतेक वेळा खटका असतो. काढताना तो दाबूनच ओढा.