मानेतली न दुखणारी गाठ आणि एचपीव्हीचा घशाचा कॅन्सर: तपासणीतल्या या चुका टाळा

गाठ हाताला लागली फेब्रुवारीत, दाढी करताना. माणूस आमच्या ओपीडीत आला जूनच्या पहिल्या आठवड्यात. ऐन हंगामात ट्रॉलरवरचा तांडेल किनाऱ्यावर कसा थांबणार? १ जूनला मासेमारी बंदी लागली, होड्या वर ओढून शाकारल्या, मग स्वारी आली. "दुखत नाय डॉक्टर, बायको ऐकत नाय म्हणून आलो." वय बावन्न. तंबाखूला कधी हात लावलेला नाही, तोंड अगदी स्वच्छ. जबड्याच्या कोनाखाली लिंबाएवढी टणक गाठ. मूळ निघालं डाव्या टॉन्सिलमध्ये: एचपीव्ही विषाणूमुळे झालेला कॅन्सर.

आपल्याकडे कॅन्सर म्हटला की मिश्री, गुटखा, पान-सुपारी डोळ्यांपुढे येते. बरोबरच आहे, तोंडाचे बहुतेक कॅन्सर त्यांचेच. पण टॉन्सिल आणि जिभेचं मूळ या दोन जागा वेगळ्या. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण असलेला ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही, त्यातही मुख्यतः १६ नंबरचा प्रकार, तिथे वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो. अमेरिकेत घशाच्या या भागातले ६० ते ७० टक्के कॅन्सर त्याचे असतात. भारतात वाटा बराच कमी आहे, आणि म्हणूनच तो चटकन कुणाच्या लक्षात येत नाही.

"शिबिरात तोंड तपासलंय की!"

आशाताई तिशीपुढच्या सगळ्यांचा फॉर्म भरतात, आरोग्य मंदिरात टॉर्च लावून गाल, हिरड्या, जीभ बघतात. तंबाखूच्या कॅन्सरसाठी हे उत्तम काम आहे, ते चुकवू नका. पण टॉन्सिलला खोल भेगा असतात आणि हा कॅन्सर त्या भेगांच्या तळाशी सुरू होतो. जिभेचं मूळ तर टॉर्चने दिसतच नाही, त्याला नाकातून घालायची दुर्बीण लागते. म्हणून "तोंड नॉर्मल" या शेऱ्यावर निर्धास्त होऊ नका. तपासणाऱ्याने मानेवरून दोन्ही बाजूंनी हात फिरवला का, एवढं बघा. अर्ध्या मिनिटाचं काम, आणि नेमकं तेच राहून जातं.

गुळणीची टेस्ट करून घेणं

गणपतीला आलेला एक चाकरमानी वडिलांसाठी "घशाची एचपीव्ही टेस्ट" कुठे होईल, असं विचारत होता. गर्भाशयमुखासाठी पॅप स्मिअर असते, तशी घशाची खात्रीची चाचणी निरोगी माणसासाठी आज जगात कुठेच नाही. गुळणीत विषाणू सापडला तरी बहुतेकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. शिवाय गर्भाशयमुखावर कॅन्सरच्या आधीची अवस्था दिसते, तशी घशात दिसत नाही. म्हणजे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर करायचं काय, याचं उत्तर नाही. हाती फक्त झोपमोड. १६ नंबरच्या एचपीव्हीच्या ई६ नावाच्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी काहींच्या रक्तात निदानाच्या दहा वर्षं आधीही सापडतात. त्यावर आशा आहे, पण ते अजून संशोधनातच आहे.

प्रश्न विचारायला लाजणं

ही चूक आम्हा डॉक्टरांची. जोखीम जास्त कुणाला? चाळिशीपुढचे पुरुष, मुखमैथुनाचे जोडीदार जास्त झालेले, एचआयव्ही असलेले किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, धूम्रपान करणारे, आणि गर्भाशयमुखाचा एचपीव्हीचा आजार होऊन गेलेल्या बायका. आता हे विचारायचं कसं? आमच्या दवाखान्यात कंपाउंडर पेशंटच्या मावशीचा मुलगा असतो, आणि बाकावर अर्धी वाडी बसलेली. मी सगळ्यांना बाहेर पाठवतो, दार लावतो आणि "हे मी सगळ्यांनाच विचारतो" म्हणून सुरुवात करतो. उत्तर मिळालं नाही तरी बिघडत नाही. हा विषाणू इतका सर्रास आहे की एकाच जोडीदारासोबत आयुष्य काढलेल्यालाही होऊ शकतो. त्यावरून कुणाच्या चारित्र्याचा पंचनामा करायचं कारण नाही.

गाठीवर औषधांचा मारा

सगळ्यात महाग पडणारी चूक. तांडेलाला बंदरावरच्या दुकानातून अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले होते. ताप नाही, लाली नाही, दुखणं नाही, मग इन्फेक्शन कसलं? दोन आठवड्यांहून जास्त टिकलेली, दीड सेंटिमीटरपेक्षा मोठी, टणक किंवा हलत नसलेली गाठ मोठ्या माणसात संशयितच धरायची. आपल्याकडे दुसरा फाटा टीबीचा. मानेत गाठ म्हणजे गंडमाळ, असं धरून सुईची तपासणी (गाठीतल्या पेशी सुईने काढून बघणं) न करताच सहा महिन्यांची औषधं चालू होतात. टीबी असतोही, नाही असं नाही, पण आधी सुई. गाठीत पाणी निघालं की "साधी सिस्ट आहे" म्हणून सोडतात. चाळिशीपुढे तेही चालत नाही, या कॅन्सरच्या गाठी पुष्कळदा पाण्याच्याच असतात. आणि गाठ सरळ कापून काढायची घाई तर मुळीच नको. क्रम असा: कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने घसा बघणं, सुईची तपासणी, लागलं तर स्कॅन आणि मूळ जागेची बायॉप्सी. त्या बायॉप्सीवर पी१६ तपासणी (कॅन्सर एचपीव्हीचा आहे का ते सुचवणारी) सांगायला विसरू नका. एचपीव्हीचा कॅन्सर उपचारांना चांगली दाद देतो आणि त्याची स्टेजही वेगळ्या तक्त्याने ठरते. मुंबई गाठायची म्हणून वेळ काढू नका. चिपळूणजवळ डेरवणलाही कॅन्सरचे उपचार होतात.

एका बाजूचाच टॉन्सिल मोठा, गिळताना एकाच बाजूला टोचणं, घसा ठीक असून एकाच कानात ठणका, ही लक्षणंही तीन आठवड्यांपुढे ढकलू नका.

लस उशिरा घेणं

पुण्यात तयार होणाऱ्या सर्व्हाव्हॅक या एचपीव्हीवरच्या लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. ती ९ ते २६ वयाच्या मुलग्यांनाही देता येते, फक्त मुलींसाठी नाही. शरीरात आधीच असलेला विषाणू मात्र ती घालवत नाही. म्हणून बापाला नाही, पोराला द्या.

तांडेलाच्या बायकोने शेवटी हळूच विचारलं, "माझ्यापासून त्यांना झालं काय? की त्यांच्यापासून मला होईल?" विषाणू कधी, कुठून आला हे कुणालाच सांगता येत नाही, बहुधा कित्येक वर्षांपूर्वीचा. इतक्या वर्षांच्या संसारानंतर ताट-पेला वेगळा करायची गरज नाही, जवळीक तोडायचीही नाही. तिशीपुढच्या प्रत्येक बाईने करायची गर्भाशयमुखाची तपासणी तिने मात्र कधीच केली नव्हती. ती त्याच आठवड्यात करून घेतली.