निरोपाच्या सभेतली साक्ष कशी तयार करावी

चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, निवृत्त होतात किंवा संडे स्कूलच्या बाई काम सोडतात, तेव्हा चर्चची मंडळी उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानायची, सभा ठेवते आणि म्हणते, "दहा मिनिटं साक्ष द्या." साक्ष म्हणजे देवानं आपल्याला कसं चालवलं ते सगळ्यांसमोर सांगणं. मग माणूस कागद घेऊन बसतो आणि कुठल्या साली कुठं नेमणूक झाली, कुणाच्या काळात कंपाउंडची भिंत बांधली, एवढंच लिहून उठतो. पाळकांची पत्नी म्हणून खानापूर, निपाणी, बेळगाव अशा ठिकाणी मी संडे स्कूल आणि महिला मंडळ सांभाळलं. आम्ही निवृत्त झालो तेव्हा साक्ष जशी तयार केली, ती रीत इथं देते.

आधी बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा 26वा अध्याय वाचा. पहिलं पीक टोपलीत घेऊन आलेल्या इस्राएली माणसानं याजकासमोर, म्हणजे पुरोहितासमोर, काय बोलायचं, ते तिथं क्रमानं दिलंय. तो भटक्या अरामी पूर्वजापासून सुरुवात करतो. मग मिसर (इजिप्त) देशातले कष्ट, मग सुटका, मग जमीन. स्वतः आणलेल्या टोपलीचं नाव अगदी शेवटी येतं. आपल्या साक्षेलाही हाच क्रम ठेवा.

पूर्वज म्हणजे आपल्याआधी इथं राबलेली माणसं. लंडन मिशनचे मिशनरी जोसेफ टेलर 1820 साली बेळगावात आले, पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथलं काम मेथडिस्ट मिशनकडे गेलं. हे एका वाक्यात सांगून गावात या. तुमच्याआधी घंटा कोण वाजवत होतं, कंदिलाच्या उजेडात मुलांना वचनं कोण पाठ करून घेत होतं, हे मंडळीतल्या म्हाताऱ्यांना विचारा. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. ती सांगायला बसली की घाई करू नका.

मग पाळकसाहेबांची परवानगी घेऊन रजिस्टरं मागा: बाप्तिस्म्याचं, लग्नाचं, दफनाचं. सगळं उतरवायची गरज नाही. नावांवरून बोट फिरवत जा आणि जिथं बोट आपोआप थांबतं, तेवढं नाव वहीत घ्या. दफनाचं रजिस्टर टाळू नका. ज्या घरी आपण रात्र जागून काढली, त्या घरानं आपल्याला काय शिकवलं ते तिथंच आठवतं.

वहीत गावागणिक एक पान ठेवा. 'मी काय केलं' हे लिहायचंच नाही, 'मला कुणी काय दिलं' एवढंच लिहा. माझ्या निपाणीच्या पानावर विड्या वळणाऱ्या एक काकू आहेत. मी भेटीला गेले की मांडीवरचं सूप बाजूला न सारता त्या डोळे मिटायच्या. त्यांची प्रार्थना चालू असायची आणि बोटं पानात तंबाखू भरून दोरा गुंडाळत असायची, कारण हजारी, म्हणजे हजार विड्या, पुरी झाल्याशिवाय मजुरी नाही. रविवारी पदराची गाठ सोडून त्या दान टाकायच्या, त्या नोटेला तंबाखूचा वास असायचा. प्रार्थनेसाठी वेळ मिळत नाही, असं मी त्यानंतर कधी म्हटलं नाही. साक्षेत मी हे एवढंच सांगितलं, आणि सभा तिथंच खरी उपकारस्तुतीची झाली असं मला वाटतं.

अडचणीचे दिवस गाळू नका. त्या इस्राएली माणसानंही मिसर देशातले कष्ट गाळले नाहीत. पण अडचण सांगताना ती कुणी भागवली त्याचं नाव घ्या. पगार लांबलेले महिने आम्हीही काढले. त्यातल्या एका महिन्यात खानापूरकडच्या एका घरानं हंगामाच्या सणाआधीच (या सणाला लोक चर्चमध्ये पीक आणतात आणि त्याचा लिलाव होतो) नव्या तांदळाचं पोतं दाराशी आणून ठेवलं. "सणाला लिलावात घालणारच होतो बाई, आधी तुमच्या घरात शिजू दे," असं म्हणाले. पगार कुणामुळं लांबला, याला साक्षेत जागा नाही. पोत्याला आहे.

दुसऱ्याचं दुःख सांगायचं असेल तर आधी त्या घरी जाऊन विचारा. ते नको म्हणाले तर ती गोष्ट वहीतच राहू द्या. नावं घेताना बायबलातल्या, प्रेषित पौलानं लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय समोर ठेवा. पौल फीबीचं नाव घेतो, प्रिस्क आणि अक्विलाचं घेतो, आणि रूफाच्या आईला स्वतःची आई म्हणतो. पौल सांगेल तसं पत्र उतरवून घेणाऱ्या तर्तियाचाही नमस्कार त्यात आहे. आपल्याकडे सतरंज्या अंथरणाऱ्याचं नाव राहून जातं, ते कागदावर सगळ्यात वर लिहून ठेवा.

आपल्या भागात मराठी उपासनेला येणाऱ्या कितीतरी घरांत सून कन्नड असते, शेजार कन्नड असतो. दोन-चार वाक्यं कन्नडमध्ये बोला. उच्चार एखाद्या जाणत्याकडून आधी तपासून घ्या. लोक तेवढ्यानंही सुखावतात.

कागद दोनदा मोठ्यानं वाचा. दहा मिनिटांवर गेला तर नेमणुकांची सालं काढा, माणसं काढू नका. गाणं कुठलं घ्यायचं ते पेटी-तबलावाल्यांना आठवडाभर आधी सांगा.

जेवणाचं आमंत्रण मंडळीपुरतं ठेवू नका. अनुवादातल्या त्याच अध्यायात लेवी (मंदिराची सेवा करणारं, स्वतःची जमीन नसलेलं कूळ) आणि परदेशी यांनाही आनंदात सामील करून घ्यायला सांगितलंय. आमच्या दौऱ्यांत घराची किल्ली सांभाळणारे, पोरांना शाळेतून आणणारे शेजारी ख्रिस्ती नव्हते. त्यांना पहिल्या पंगतीला बसवा, आणि वाढायला स्वतः उभं राहा.