लॅपटॉपला माइक आणि हेडफोन कसे जोडावेत: घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी

माइक लॅपटॉपच्या एका भोकात, हेडफोन दुसऱ्या भोकात, आणि गायलेला शब्द कानात उशिराने येतो. घरी रेकॉर्डिंग सुरू करणाऱ्या बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. त्यातून सुटायला एक नियम पाळा: माइक आणि हेडफोन दोन्ही एकाच उपकरणाला जोडा. ते उपकरण म्हणजे ऑडिओ इंटरफेस, माइकचा आवाज लॅपटॉपपर्यंत आणि लॅपटॉपचा आवाज हेडफोनपर्यंत नेणारी छोटी पेटी. लॅपटॉपला फक्त इंटरफेसची यूएसबी केबल जाईल.

या नियमामागे कारण आहे. प्रत्येक ऑडिओ उपकरण स्वतःच्या घड्याळावर आवाजाचे नमुने मोजतं, सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,०००. दोन उपकरणांची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे वेळ जाईल तसा आवाज सरकतो किंवा मध्येच टकटक ऐकू येते. शिवाय विंडोजवर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर साधारणपणे एका वेळी एकच एएसआयओ ड्रायव्हर (सॉफ्टवेअर आणि ऑडिओ उपकरण यांना जोडणारा प्रोग्रॅम) वापरू देतं. मॅकवर दोन उपकरणं एकत्र बांधता येतात, पण नव्याने शिकणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

लॅपटॉपचं ३.५ मिलिमीटरचं जॅक बोलण्याच्या हेडसेटसाठी असतं. स्टुडिओच्या कंडेन्सर माइकला सहसा ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज, लागते आणि ती त्या जॅकमधून मिळत नाही. एका टोकाला एक्सएलआर (माइकची तीन पिनांची गोल जोडणी) आणि दुसऱ्या टोकाला छोटी पिन असलेली केबल आणून असा माइक थेट लॅपटॉपला लावला, तर तो मुकाच राहतो.

आता जोडणी. विंडोज असेल तर इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर आधी टाकून घ्या. मॅकवर बहुतेक इंटरफेस ड्रायव्हरशिवाय चालतात. यूएसबी केबल हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला लावा.

माइक जोडण्यापूर्वी गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) आणि हेडफोनचा आवाज दोन्ही शून्यावर आणा. एक्सएलआर केबलने माइक इंटरफेसला जोडा आणि माइक कंडेन्सर असेल तर त्यानंतरच ४८ व्होल्टचं बटण दाबा. माइक काढताना क्रम उलटा: आधी बटण बंद, थोडं थांबून मग केबल. साध्या डायनॅमिक माइकला ही पॉवर लागत नाही. रिबन माइक असेल तर मात्र त्याची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय बटणाला हात लावू नका, काही जुन्या रिबन माइकना त्याने इजा होऊ शकते.

हेडफोन इंटरफेसच्या हेडफोन जॅकमध्ये लावा. हे जॅक बहुधा ६.३५ मिलिमीटरचं असतं, म्हणून छोट्या पिनसाठी ॲडाप्टर जवळ ठेवा. गाताना मागून बंद असलेले हेडफोन घ्या, नाहीतर त्यातला ठेका माइकमध्ये शिरतो आणि नंतर निघत नाही. ब्लूटूथ हेडफोन रेकॉर्डिंगच्या वेळी वापरूच नका. त्यांचा उशीर एवढा असतो की ताल सांभाळणं अवघड होतं.

सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये इनपुट आणि आउटपुट दोन्हींना इंटरफेसच निवडा. नमुन्यांची अचूकता (बिट डेप्थ) २४ बिट ठेवा. एका माइकसाठी मोनो ट्रॅक घ्या, कारण स्टिरिओ घेतलात तर आवाज अनेकदा एकाच कानात येतो.

गेन लावताना घाई करू नका, रेकॉर्डिंगचा दर्जा इथे ठरतो. गाण्यातली सर्वात वरची, जोरकस ओळ पूर्ण ताकदीने गा आणि मीटर बघत हळूहळू गेन वाढवा. सर्वात मोठा स्वर उणे १२ ते उणे ६ डीबीच्या दरम्यान राहिला पाहिजे. इंटरफेसमध्येच शून्याची रेघ ओलांडली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही. २४ बिटमध्ये थोडा हळू आलेला आवाज मात्र नंतर वाढवता येतो, तेव्हा कमी गेनची भीती बाळगू नका.

आता उशिराचा प्रश्न. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर असेल तर ते चालू करा. तुमचा आवाज लॅपटॉपची फेरी न मारता सरळ कानात येईल. त्या वेळी सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. डायरेक्ट मॉनिटर नसेल तर सॉफ्टवेअरमधला बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी साठवून घेतो तेवढे नमुने, १२८ वर आणा. ४८,००० च्या दराने १२८ नमुन्यांचा बफर एका दिशेला सुमारे २.७ मिलिसेकंद घेतो, आणि आवाजाला आत-बाहेर दोन्हीकडे जावं लागतं. बफर फार कमी केला की आवाज तुटतो, मग एक पायरी वर या. मिक्सिंगच्या वेळी ५१२ किंवा १०२४ खुशाल ठेवा.

इंटरफेस घ्यायचा नसेल तर हेडफोनचं जॅक असलेला यूएसबी माइक घ्या आणि हेडफोन त्याच माइकला लावा. नियम तोच.

सगळं जोडूनही आवाज येत नसेल, तर सिस्टीमच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये सॉफ्टवेअरला माइकची परवानगी दिली आहे का ते आधी बघा. सारखी घरघर ऐकू येत असेल तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. घरघर थांबली तर दोष विजेच्या जोडणीत आहे, माइकमध्ये नाही.